मोरीतली निळी वायर

अक्का,

परवा तुमच्या तेराव्याला आलेली एक पाहुणी मला विचारत होती, "तुमच्या कोण लागायच्या त्या?" मी म्हटलं, थोरल्या जाऊबाई. तिनं माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. जावेसाठी एवढं रडायची आपल्याकडं पद्धत नाही. त्यात सगळ्या माकणी गावाला ठाऊक की आपल्या दोन घरांत कित्येक वर्षं बोलणं नाही, अंगणात भिंत आहे, आणि आपले नवरे सख्खे भाऊ असून देवळातसुद्धा एकमेकांकडं पाठ करून उभे राहतात. मग ही धाकटी कशापायी एवढी डोळे गाळते? मला तिला सांगावंसं वाटलं, बाई, आम्ही दोघी रोज दुपारी गाड्या पळवायचो. पण ते ऐकून तिला वाटलं असतं की दुःखानं हिचं डोकं फिरलंय. म्हणून गप्प बसले. तुम्हालाच सांगते, तुम्हाला सगळं माहीत असलं तरी. शेवटचं तेवढं माहीत नाही.

तो खेळ तुमच्या पूजानं आणला. तेव्हा भिंत नव्हती, चूल एक होती आणि पोरगी लातूरला इंजिनिअरिंगला होती. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तिनं तो टाकून दिला. गाड्यांच्या इतर खेळांत आपण गाडीच्या आत नाहीतर मागं असतो. यात सगळं वरून दिसायचं. रस्ता, कडेचं गवत, टायरांचे ढीग आणि काडेपेटीएवढ्या गाड्या. मी म्हटलं, ह्यात कसली मजा, नुसतं गाडीचं टप बघत बसायचं. तुम्ही करंज्यांच्या पिठाचे हात पदराला पुसत आलात, दारात उभ्या राहून थोडा वेळ बघितलं आणि म्हणालात, "आगं, ही तर आपली गल्ली. माळवदावरून बघितल्यावानी."

सगळा उन्हाळा तुमचा त्या माळवदावर जायचा. शेवया-कुरडया वाळत घालायच्या, राखत बसायचं आणि खालून जाणारे ट्रॅक्टर, टमटम, बैलगाड्या बघायच्या. कोण वळणावर अडकणार आणि कोण कुणाच्या ओट्याला घासणार हे तुम्ही वरूनच आधी सांगायच्या. आम्ही हसायचो. तुमची तयारी चालली होती हे कुणाला माहीत!

एकाच कीबोर्डवर दोघींनी खेळायचं. तुम्हाला बाण, मला डावीकडची अक्षरं. कोपराला कोपर लागायचं आणि मी मागं पडले की ते कोपर जरा जास्तच लागायचं, हे आज कबूल करायला हरकत नाही, तुमच्या कोपरानंही काही कमी केलं नाही. त्या खेळात एक गोम होती. गाडी पडद्यावर वर जात असली की उजवं ते उजवं. पण ती वळून आपल्याकडं यायला लागली की सगळं उलटं होतं, उजवीकडं न्यायची म्हणून बाण दाबावा तर गाडी सरळ गवतात. मी रडकुंडीला यायची. मान वाकडी करून बघायची, एकदा तर उठून पडद्याच्या मागं जाऊन उभी राहिले. तुम्ही पोट धरून हसलात. मग म्हणालात, "वर्षे, तू वरून बघायलीस म्हून चुकायलीस. डोळे वर ठिव, पण बूड गाडीत ठिव. गाडीत बसल्यावर उजवा हात उजवाच असतोय की."

तुम्हाला खरी गाडी येत नव्हती. सायकलसुद्धा कुणी शिकवली नव्हती. आणि तरी तुम्ही त्या काडेपेटीएवढ्या गाडीत जाऊन बसलेल्या असायच्या. वळण आलं की तुमचा खांदा वळायचा. गाडी आपटली की तुमच्या तोंडून "आई गं" निघायचं, लागल्यासारखं. घाई झाली की माहेरची कानडी बाहेर पडायची, "बेग बेग, बेग बेग," आणि गाडीला ती कानडी कळत असावी, कारण माझी गाडी मराठीत कितीही शिव्या दिल्या तरी तशी पळायची नाही.

मी तुमच्या चालवण्याकडं मन लावून बघायची. तुम्ही वळणाच्या आधी गाडी हळू करायच्या, वळणात नाही. बाकी सगळे, पूजासकट, जोरात वळणात शिरायचे, मग घसरायचे, मग टायरांवर आदळायचे. तुम्ही आधीच दम घ्यायच्या, वळणाच्या आतल्या कडेला चिकटून निघायच्या आणि बाहेर पडताना सुसाट. पूजा म्हणाली, आई, हे तुला कुणी सांगितलं? तर म्हणालात, "कुणी कशाला सांगाया पायजे? डोस्क्यावर घागर घिऊन कोपऱ्यावर वळताना काय पळत वळतीस का?" मी आजही घरात कुठलंही अवघड काम आलं की आधी हळू होते. त्या खेळातून शिकले असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल!

मग वाटणी झाली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून निघालेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं आणि दोघे भाऊ एकमेकांना नको नको ते बोलले. ते मी इथं लिहीत नाही. रान वाटलं, बैल वाटले, हंडे-घागरी वाटल्या. अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. कॉम्प्युटर पूजाचा, म्हणून तो तुमच्याकडं गेला. आमच्या ह्यांनी मला बजावलं, "त्या घरात पाय टाकायचा न्हाय, फोन करायचा न्हाय." तिकडं भाऊजींनी तुम्हाला तेच सांगितलं असणार. ह्या बाबतीत भावांचं अजूनही एकमत होतं.

एकच गोष्ट त्यांना वाटता आली नाही. अंगणाचा उतार. दोन्हीकडचं पाणी जुन्या एकाच मोरीतून बाहेर जायचं, म्हणून भिंतीच्या बुडाला एक भोक ठेवावं लागलं. पुढं काय होणार आहे हे गवंड्याला माहीत असतं तर त्यानं जरा मोठं ठेवलं असतं.

पहिलं वर्ष आपण फक्त गिरणीत भेटलो. गिरणीवर कुणाचा हुकूम चालत नाही. दळणाच्या आवाजात तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून ओरडलात, "तुझ्या भावानं तुला कॉम्प्युटर दिला म्हणं?" दिला होता. त्याच्या ऑफिसातला जुना, मला ब्लाउजचे नमुने बघायला. मी मान हलवली. तुम्ही पिठाचा डबा कडेवर घेतलात आणि म्हणालात, "मग बास. पूजाला इचारलंय म्या. वायर टाकली की दोन घरातून खेळता येतंय."

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, अक्का, त्यापेक्षा फोनच करू की चोरून. तुम्ही म्हणालात, "फोनवर बोलायचं म्हंजे घरातलं बोलणं निघतंय. घरातलं निघालं की तू तुझ्या नवऱ्याची बाजू घिणार, मी माझ्या. मग आपलं बी भांडण. गाडीला बोलावं लागत न्हाय." हे तुम्ही पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत इतक्या सहज सांगितलंत की मी हसले. घरी येताना मात्र वाटेत रडले. एवढा पुढचा विचार माझ्यासाठी आधी कुणी केला नव्हता.

लोहाऱ्याच्या बाजारातून तुम्ही निळी वायर आणलीत, दोन्ही टोकांना खटके बसवून. उंदरांनी कुरतडू नये म्हणून ठिबकच्या जुन्या पाइपात ओवलीत आणि पुरुष रानात गेल्यावर मोरीतून माझ्या बाजूला सरकवलीत. मी इकडं उकिडवी बसून वाट बघत होते. आधी पाइपाचं तोंड आलं, मग चिखल, मग तुमचा आवाज, "घावलं का?" भिंत झाल्यापासून आपल्या अंगणात मी तुमचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

मग पूजा फोनवर, दोघींशी एकदम. खेळ तिनं माझ्यासाठी आधीच पेन ड्राइव्हवर पाठवून दिला होता. मधे कुठलंही यंत्र नाही, नुसती कॉम्प्युटरला कॉम्प्युटर वायर, म्हणून दोन्हीकडं पत्ता हातानं भरावा लागणार होता. आकड्यांची लांबलचक ओळ. दोघींचे सगळे आकडे सारखे, फक्त शेवटचा वेगळा. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे गल्ली एकच, घरं दोन." शेवटचा आकडा कुणाला कुठला, यावर चर्चाच झाली नाही. थोरली एक, धाकटी दोन.

तरी जोडलं जाईना. पूजानं विचारलं, काकू, खेळ सुरू करताना कॉम्प्युटरनं काही विचारलं का? विचारलं होतं. ह्या खेळाला बाहेर बोलू द्यायचं का? मी न कळणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणते, तसं नाही म्हटलं होतं. भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला, "आगं, घरातली माणसं न्हाय म्हणत्यात ती म्हणत्यात. तू तर व्हय म्हण!"

ते निस्तरलं, तरी पडदा रिकामाच. या खेळात एकानं शर्यत मांडायची, ती दुसऱ्याला यादीत दिसते आणि तिथून त्यानं तीत शिरायचं असतं. मी शिरायचं बटन दाबून बसले होते. थोरलीच्या आधी धाकटीनं मांडणं बरं दिसत नाही म्हणून. बराच वेळ गेला. पूजा म्हणाली, आई, तू काय दाबलंयस? तुम्हीही शिरायचंच बटन दाबून बसला होतात. वर्षाच्या घरी कॉम्प्युटर नवा आलेला, तिचा मान म्हणून. पूजा तिकडं लातूरला खो खो हसत सुटली, "दोघी पाहुण्या झालात, घरात कुणीच न्हाय!" मग तुम्हीच निकाल लावलात. "म्या थोरली. रोज म्या मांडणार, तू यायचं." आणि माझ्या पडद्यावर, रिकाम्या यादीत, इंग्रजी अक्षरांत एक नाव उमटलं. अक्का.

त्यानंतर दुपार आपली झाली. भांडी घासून झाली, पुरुष जेवून रानात गेले की मी खेळ उघडायची आणि यादीत तुमचं नाव असायचं. लाइट असली तर. विहिरीवरच्या मोटारीच्या लाइटचं वेळापत्रक आपल्या नवऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त पाठ होतं. तुम्ही शर्यतीच्या रस्त्यांना नावं ठेवली होती. लांब सरळ रस्ता होता तो धरण. टायरांच्या गर्दीचा होता तो बाजार. बाजारात मी एकदाही जिंकले नाही. धरणावर कधीमधी जिंकायची, आणि मला शंका आहे की तेव्हा तुम्ही मुद्दाम दम धरायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "व्हय, माझ्या अंगात आलंय तुला जिंकू द्याया."

खेळातच खाली लिहायची एक पट्टी होती. इंग्रजी अक्षरांत मराठी. तुम्ही एकेक अक्षर शोधून लिहायच्या आणि तेवढा वेळ तुमची गाडी भर रस्त्यात उभी. जेवलीस का. एवढं लिहीपर्यंत मी एक फेरा मारून यायची आणि तुम्हाला मागून धडक द्यायची. भिंतीपलीकडून आधी शिवी यायची, मग हसू. त्या पट्टीवर आपण फार काही लिहिलं नाही. ताप उतरला का. शेवग्याच्या शेंगा मोरीशी ठेवल्यात. पूजाला पुण्यात नोकरी लागली. आणि एकदा, शर्यत सुरू व्हायच्या आधी, कितीतरी वेळ घेऊन तुम्ही लिहिलंत, ह्यांना साखर निघाली.  आपण दोघी रस्त्याच्या सुरुवातीला गाड्या उभ्या करून तशाच थांबलो. मग तुम्ही हॉर्न वाजवलात आणि निघालात.

भाऊजींच्या साखरेचं मी आमच्या ह्यांना सांगितलं.  त्या दिवशी हे चहा तसाच ठेवून उठले.

आणि ती वायर सापडली तो दिवस. पाऊसकाळाच्या तोंडाला मोरी तुंबली. त्या दुपारी ती उपसायला भाऊजी लवकर घरी आले होते हे मला माहीत नव्हतं. बाजाराचा रस्ता होता, तुमची गाडी माझ्यापुढं, आणि एकदम ती जागच्या जागी थिजली. पडद्यावर आलं की समोरचा निघून गेला. मग भिंतीपलीकडून भाऊजींचा आवाज.

"ही कसली वायर हाय?"

"खेळाची."

"कसल्या खेळाची?"

"गाड्यांच्या. म्या आन वर्षा खेळताव."

 मी खुर्चीत आखडून बसले होते. मग भाऊजी म्हणाले, "त्या घराशी आपला संबंध न्हाय. ठाव हाय नव्हं तुला?"

"ठाव हाय," तुम्ही म्हणालात. "तुमचा न्हाय. रान वाटलं, बैलं वाटली, ताटं-वाट्या मोजून घेतल्या दोघांनी. तवा आमाला कुणी इचारलं? आमी दोघी वाटणीत न्हवताव. आमची वाटणी झालीच न्हाय. तोडायची तर तोडा वायर. पर आदी सांगा, वर्षा कुणाच्या वाट्याला आली आन म्या कुणाच्या?"

तुमचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा बोललात. मी मागं वळून बघितलं तर दारात आमचे हे उभे होते. रानातून कधी आले होते कुणास ठाऊक. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं आणि हातपाय धुवायला गेले.

थोड्या वेळानं यादीत पुन्हा तुमचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाजूला पाइपावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलेला दिसला, बैलाचा पाय पडू नये म्हणून. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मोरीची राखण केली. वायरीची न्हाय." हे मी तुम्हाला पट्टीवर लिहिलं तेव्हा तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की ह्यांना अंगणात ऐकू आलं.

अक्का, तुमच्याइतकं धाडस मी कुणात बघितलं नाही. आवाज न चढवता माणूस एवढं बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "बास कर, गाडी काढ." तरी सांगायला हवं होतं.

राहिलं ते आणखीही आहे. गावाबाहेरच्या खऱ्या धरणाच्या रस्त्यावर तुम्हाला खरी स्कूटी शिकवायची असं ठरलं होतं. मला येते, पूजाची जुनी तुमच्याकडं पडून आहे. तुम्ही म्हणायच्या, "दोघी एका गाडीवर दिसलाव की गावभर व्हईल." होऊ द्या, मी म्हणायची. दिवाळीनंतर बघू, असं तुम्ही प्रत्येक दिवाळीला म्हणालात.

आणि आपलं ते जुनं भांडण. गाडी टायरांत अडकली की काय करायचं? तुम्ही ताबडतोब गाडी मागं घ्यायच्या, तोंड सरळ करायच्या आणि निघायच्या. मी मात्र पुढचा बाण सोडायची नाही. घासत घासत का होईना पुढंच. मी म्हणायची, मागं घेण्यात वेळ जातो. तुम्ही म्हणायच्या, "आन तिथंच गुरगुरत हुबी ऱ्हातीस त्यात जात न्हाय व्हय?" मी म्हणायची, मला मागं जायला आवडत नाही. तुम्ही म्हणायच्या, "ह्या घरात लगीन करून आलीस, वळण लागलं बघ." कितीदा वाद झाला, निकाल लागला नाही. शेवटच्या दुपारीही तोच. मी टायरांत अडकलेली, तुम्ही पुढं निघून गेलेल्या. पट्टीवर तुम्ही लिहिलंत, उद्या दाखवते. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्या छातीत कळ आली आणि धाराशिवला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमचे हे आले त्या घरात. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा. तुम्हाला खांदा दिला, पुढचा. भाऊजी त्यांच्या शेजारून चालत होते. दोघांचे डोळे लाल होते आणि दोघे एक शब्द बोलले नाहीत. तेरा दिवस हे रोज जाऊन ओसरीत बसायचे, भाऊजी घरात बसायचे. मला इतका राग यायचा. वाटायचं, अक्का गेल्या, आता तरी तोंड उघडा की रे दगडांनो. पण माझ्याही तोंडून आवाज फुटला नाही. तुमच्यासारखं बोलायला तुम्हीच लागता.

काल पूजा पुण्याला परत गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली.

आज दुपारी भांडी झाली आणि सवयीनं मी कॉम्प्युटर लावला. का लावला ते विचारू नका. खेळ उघडला. यादी रिकामी. मी तिथंच बसून राहिले. बंद करायला हात उचलला आणि यादीत नाव आलं. इंग्रजी अक्षरांत, अक्का.

 मग भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. भाऊजींचा. पूजानं जाण्याआधी त्यांना दाखवून ठेवलं होतं, हे मला नंतर तिनं फोनवर सांगितलं. त्यांनीच विचारलं होतं म्हणे, तुझी आई दुपारची काय दाबायची? नाव बदलायचं कसं ते काही त्यांनी विचारलं नाही.

मी शिरले. शर्यत सुरू झाली. धरणाचा रस्ता. तुमची लाल गाडी जागेवर गोल फिरली आणि चुकीच्या दिशेनं चालू लागली. गवतातून, हळूहळू. ती तशी चाललेली बघून मला रडू आवरेना. तेवढ्यात हे रानातून परत आले. मला म्हणाले, "कोण हाय गं तिकडं?" मी म्हटलं, "तुमचे दादा हायत."

हे उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग मला म्हणाले, "सरक." आणि माझ्या खुर्चीत बसले. आयुष्यात कधी कीबोर्डला हात न लावलेला माणूस! मी फक्त बाण दाखवले, वरचा पुढं न्यायचा, खालचा मागं. ह्यांची गाडी बरोबर दिशेनं निघाली, भाऊजींची चुकीच्या. धरणाचा रस्ता शेवटी फिरून तिथंच येणारा, मग व्हायचं तेच झालं. अर्ध्या वाटेवर दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून भिडल्या. अक्का, तुम्ही असता तर हसून खुर्चीतून पडला असतात. दोघांनीही पुढचा बाण सोडला नाही. गाड्या नुसत्या गुरगुरत होत्या, चाकं जाग्यावर फिरत होती, इकडून आवाज आणि भिंतीपलीकडून तोच आवाज. ह्यांचा जबडा आवळलेला.  मी बोलले असते तर सगळं मोडलं असतं. किती वेळ गेला माहीत नाही.

मग पलीकडची खुर्ची करकरली. भाऊजींनी घसा खाकरला. आणि भिंतीवरून आवाज आला, मोठ्यानं, जरा फाटलेला.

"आरं सुध्या, हे मागं कसं घेयाचं रे?"

ह्यांचे हात कीबोर्डवरच होते.  मग म्हणाले, "खालचा बाण, दादा. दाबून धर." आणि सांगता सांगता त्यांनी स्वतःही तो दाबला. दोन्ही गाड्या एकदमच मागं सरकल्या.

वादाचा निकाल लागला, अक्का. तुमचंच बरोबर होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. दोन कप साखरेचे आणि एक बिनसाखरेचा.